पुढची जुळणी कोणती?

१९६६ साली एल. जे. लँडर आणि टी. आर. पार्किन या दोघांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये एक शोधनिबंध छापला. त्यात वाक्यं होती फक्त दोन. तेवढ्यात त्यांनी ऑयलरचा १७६९ सालचा एक अंदाज मोडीत काढला. ऑयलरचं म्हणणं असं, की काही पूर्ण संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज पुन्हा कुणाचा तरी पाचवा घात यायची असेल, तर निदान पाच घात लागतील. चारांत भागणार नाही. लँडर-पार्किननी चार संख्या समोर ठेवल्या: २७, ८४, ११० आणि १३३. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर बेरीज करून पाहा:

१,४३,४८,९०७
४,१८,२१,१९,४२४
१६,१०,५१,००,०००
४१,६१,५७,९५,८९३

एकूण ६१,९१,७३,६४,२२४. हा बरोबर १४४ चा पाचवा घात. जवळपास दोनशे वर्षं टिकलेला अंदाज एका बेरजेत निकालात निघाला.

ही बेरीज त्यांना कुठल्या खोल सिद्धांतातून मिळाली नाही. सीडीसी ६६०० या त्या काळच्या सर्वांत वेगवान संगणकावर त्यांनी सरळ शोध घेतला, आणि एका जुळणीपाशी संगणक थांबला. आज आपल्या घरातला साधा लॅपटॉप त्या यंत्रापेक्षा कितीतरी वेगवान आहे. त्यामुळे हाच शोध एखाद्या संध्याकाळी सेज, मॅथेमॅटिका, मेपल किंवा गॅप अशा बीजगणित जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा घ्यायला हरकत नाही. मीही तो घेतला, आणि पहिल्याच संध्याकाळी तोंडावर आपटलो.

प्रश्न मांडायला सोपा आहे. १ ते १४४ अशी एक यादी, तिच्या चार प्रती. प्रत्येक यादीतून एकेक संख्या उचलायची, घातांची बेरीज करायची, ती कुणाचा पाचवा घात आहे का ते बघायचं. एकूण जुळण्या १४४ गुणिले १४४ गुणिले १४४ गुणिले १४४, म्हणजे ४२,९९,८१,६९६. नवशिक्याच्या मनात पहिल्यांदा येतं ते असं, की आधी सगळ्या जुळण्यांची यादी करून घेऊ, मग ती चाळू. मॅथेमॅटिकात त्यासाठी ‘ट्यूपल्स’ नावाचा तयार आदेश आहे. बाकीच्या प्रणालींतही तसाच काहीतरी सापडतो. माझ्या तेव्हाच्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम होती. एंटर दाबलं, पंखा घोंघावू लागला, मग माउसचा बाण पडद्यावर जिथल्या तिथे गोठला. शेवटी बटण दाबून धरून मशीन बंद करावं लागलं, आणि तासाभराचं न साठवलेलं कामही गेलं.

हिशोब आधी केला असता तर हे टळलं असतं. प्रत्येक जुळणीत चार पूर्णांक, प्रत्येक पूर्णांकाला ८ बाइट, म्हणजे जुळणीमागे ३२ बाइट. ४३ कोटींना ३२ नं गुणलं की पावणेचौदा अब्ज बाइट होतात. तेही आकडे दाटीवाटीनं, कुठलंही वेष्टन न लावता ठेवले तर. बीजगणिताची सॉफ्टवेअरं बहुधा तसं ठेवत नाहीत. त्यांच्या लेखी प्रत्येक संख्या ही एक वस्तू असते: उद्या ती अपूर्णांक होईल, परवा शंभर अंकी होईल, म्हणून तिच्याभोवती बरीच कागदपत्रं गुंडाळलेली असतात. त्यामुळे खरी मागणी याच्या कित्येक पट होते. एवढं सगळं कशासाठी, तर प्रत्येक जुळणी एकदाच बघून फेकून देण्यासाठी!

पंगतीत वाढताना शंभर जणांची ताटं एकदम हातात घेऊन कुणी उभं राहत नाही. एक ताट वाढायचं, मग पुढचं. या सॉफ्टवेअरांच्या कर्त्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणून जवळपास प्रत्येक प्रणालीत एकाच कामाचे दोन आदेश असतात: एक सगळा ढीग समोर ओततो, दुसरा मागू तेव्हा एकेक जुळणी हातावर ठेवतो. सेजमध्ये ‘एमरेंज’ ढीग देतो आणि ‘एक्सएमरेंज’ एकेक. फरक एका अक्षराचा, पण तेवढ्यानं मशीन गोठतं की चालतं ते ठरतं. गॅपमध्ये ‘कार्टेशियन’ म्हणजे ढीग, तर ‘इटरेटर ऑफ कार्टेशियन प्रॉडक्ट’ हे लांबलचक नाव एकेक देणाऱ्याचं. मेपलचा जुना ‘कार्टप्रॉड’ मला विशेष आवडतो. तो तुम्हाला दोनच गोष्टी देतो: पुढची जुळणी काढायची कळ, आणि संपलं का ते सांगणारा दिवा. मॅथेमॅटिकात ‘टेबल’ आणि ‘डू’ हे दोन लूप दिसायला सख्खे भाऊ, पण टेबल प्रत्येक फेरीचं उत्तर जमा करत जातो, डू काहीच जपून ठेवत नाही. टेबल लिहून वर शेवटी अर्धविराम टाकला की उत्तर छापलं जात नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की ते साठवलंही जात नाही. ते साठवलं जातं. छापलं तेवढं जात नाही.

ढिगाची बाजूही मांडली पाहिजे. लाखभर जुळण्यांचा ढीग मेमरीत आरामात मावतो, आणि एकदा मावला की त्याच्यावर एकगठ्ठा गणित करणं हे एकेक फेरी मारण्यापेक्षा बरंच वेगवान असतं. मॅथेमॅटिकात तर फारच. म्हणून जाणकार मधला रस्ता काढतात. बाहेरच्या दोन याद्या लूपनं चालवायच्या, आतल्या दोन याद्यांचा २०,७३६ जुळण्यांचा गठ्ठा एका दमात हिशोबाला घ्यायचा. गठ्ठा संपला की पुढचा.

आता, एकेक जुळणी देणारा हा आदेश लक्षात काय ठेवतो? प्रवासी बॅगेचं तीन चकत्यांचं कुलूप आठवा. नंबर विसरलात तर तुम्ही ००० पासून ९९९ पर्यंत फिरवत जाता, पण हजार आकडे कुठे लिहून ठेवत नाही. समोर ३४९ दिसतंय एवढं पुरतं; त्यावरून पुढचा ३५० हे कळतं. शेवटची चकती एक घर पुढे, ती ९ वरून ० वर आली की तिच्या डावीकडची एक घर पुढे. चार याद्यांचा लूप म्हणजे असंच कुलूप, फक्त प्रत्येक चकतीवर १४४ घरं. याद्या लहानमोठ्या असल्या तर चकत्यांवरची घरं कमीजास्त, एवढाच फरक. आठवणीत ठेवायचे ते चार आकडे. पावणेचौदा अब्ज बाइटांच्या जागी बत्तीस!

अशा कुलपाला आणखी एक सोय जोडता येते, आणि ती सांगायला देवगिरीला जावं लागतं. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा हिशोबनीस होता. ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ त्याचाच. सात स्वर एकेकदाच घेऊन त्यांचे किती वेगवेगळे क्रम लागतात हे त्यात आहे: ५,०४०. पण हिशोबनिसाचं एकूण आकड्यावर समाधान झालं नाही. हे सगळे क्रम ठरलेल्या ओळीनं मांडायची रीत त्यानं दिली, ती म्हणजे प्रस्तार. त्याला जोडून दोन उलटसुलट प्रश्न सोडवले. अमुक क्रमांकाच्या जागी कोणता तान येईल, हे नष्ट. अमुक तान कितव्या जागी आहे, हे उद्दिष्ट. दोन्हींची उत्तरं मागचे सगळे तान न लिहिता खंडमेरू नावाच्या एका छोट्या तक्त्यावरून काढायची. प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट हे शब्द छंदशास्त्रात पिंगलापासून चालत आले होते. लघु-गुरूंच्या जुळण्यांसाठी ते घडले होते. संगणकवाले आज याच गोष्टी नव्या नावांनी करतात. मला जुनी नावं जास्त नेमकी वाटतात, म्हणून इथे तीच वापरतो.

आपल्या चार याद्यांवर नष्ट काढून पाहू. समजा एक कोटी जुळण्या तपासून झाल्या आणि वीज गेली. आता सुरुवात कुठून? १,००,००,००० ला १४४ नं भागा: भागाकार ६९,४४४, बाकी ६४. ६९,४४४ ला भागा: भागाकार ४८२, बाकी ३६. ४८२ ला भागा: भागाकार ३, बाकी ५०. उरले ३. बाक्या उलट्या वाचा: ३, ५०, ३६, ६४. आपल्या याद्या शून्यापासून नव्हे, एकापासून सुरू होतात, म्हणून प्रत्येकात एक मिळवा. पुढची जुळणी ४, ५१, ३७, ६५. तीन भागाकारांत काम झालं, आधीच्या एक कोटींना हात लावावा लागला नाही. आता उद्दिष्ट. लँडर-पार्किनची २७, ८४, ११०, १३३ ही जुळणी कितवी? प्रत्येकातून एक वजा करून २६, ८३, १०९, १३२ घ्या आणि उलट्या दिशेनं गुणत-मिळवत या. उत्तर ७,९३,७२,५००. म्हणजे चारी याद्या कुलपासारख्या फिरवल्या तर तिच्याआधी इतक्या जुळण्या फुकट तपासाव्या लागतील.

नष्टाचा उपयोग वीज गेल्यावरच होतो असं नाही. आठ कोअरच्या मशीनवर काम वाटून द्यायचं तर प्रत्येक कोअरला फक्त ‘इथून इथपर्यंत’ असे दोन आकडे दिले की झालं. गॅपमध्ये ‘एन्युमरेटर’ नावाची जी चीज आहे ती हेच करते: ढीग न बनवता ढिगातली कितवीही जुळणी काढून देते. मॅथेमॅटिकाच्या ‘सबसेट्स’ला तिसरा मुद्दा देऊन अमुक क्रमांकाचा उपसंच मागता येतो तो याच जातीचा.

छंदशास्त्राचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण घेतो. शाळेत गण शिकताना घोकलेलं ‘यमाताराजभानसलगा’ आठवतं? लघु-गुरूंच्या तीन-तीनच्या जुळण्या आठ. सुट्या लिहिल्या तर चोवीस अक्षरं होतात. इथे दहाच आहेत. कोणत्याही अक्षरापासून तीन अक्षरं उचला, त्या गणाची लघु-गुरू मांडणी समोर येते: यमाता, मातारा, ताराज, आणि असंच सलगा पर्यंत. प्रत्येक जुळणी आधीच्या जुळणीची दोन अक्षरं उसनी घेते. आधीच्या जुळणीतलं जितकं वापरता येईल तितकं वापरायचं, ही कल्पना पुढे ग्रे कोडमध्ये दिसते. बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रेला १९५३ साली त्याचं पेटंट मिळालं. त्याच्या क्रमात एका वेळी एकच चकती एकच घर हलते. बॅगेच्या कुलपावर याचा फायदा अगदी किरकोळ आहे. साध्या पद्धतीनं ००० ते ९९९ जायला १,१०७ टिचक्या लागतात, ग्रेच्या पद्धतीनं ९९९. एवढ्यासाठी कुणी डोकं शिणवू नये. पण प्रत्येक यादीत दोनच पर्याय असतील, आणि एक पर्याय बदलला की शंभर पदांच्या बहुपदीत फक्त एक पद बदलत असेल, तर ग्रेचा क्रम खरोखर उपयोगी पडतो: अख्खी बहुपदी नव्यानं मांडायची नाही, एकच पद काढायचं आणि एक घालायचं.

आपल्या प्रश्नाकडे परत. आतापर्यंत मेमरी वाचली, पण फेऱ्या ४३ कोटीच आहेत. त्या कमी करण्याचा पहिला मार्ग म्हणजे एकच जुळणी वेगवेगळ्या वेषांत येते ती ओळखणं. २७, ८४, ११०, १३३ काय आणि ८४, २७, १३३, ११० काय, बेरीज तीच. म्हणून चढता क्रम सक्तीचा करायचा: दुसरी यादी पहिलीच्या आकड्यापासून पुढे चालवायची, तिसरी दुसरीच्या, चौथी तिसरीच्या. लूपच्या सुरुवातीचा आकडा बदलला, बाकी काही नाही. जुळण्या उरतात १,८६,७१,९४०. तेविसात एक!

पण इथे कामवाटपात एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलो आहे. पहिल्या यादीतले १४४ आकडे आठ कोअरना अठरा-अठरा वाटले. वाटणी समान दिसते. पण चढत्या क्रमात पहिला आकडा लहान असेल तर पुढच्यांना मोकळं रान, मोठा असेल तर त्यांना हलायलाही जागा नाही. पहिल्या कोअरच्या वाट्याला ७६,६२,५६४ जुळण्या येतात, आठव्याच्या वाट्याला ५,९८५. आठवा क्षणात मोकळा, पहिला राबतोय, आणि बाहेर आपण म्हणतोय की आठ कोअर लावूनही वेग अडीच पटच कसा वाढला. पहिल्या आकड्यावरून वाटणी न करता जुळण्यांच्या क्रमांकांवरून करावी, म्हणजे वाटे खरोखर समान होतात. शार्ङ्गदेवाचं नष्ट इथे पुन्हा कामाला येतं.

एकाच जुळणीचे हे वेष किती खोलवर जातात, याचं मला माहीत असलेलं सर्वांत देखणं उदाहरण नाशिकजवळच्या देवळालीचं आहे. तिथल्या शाळेतले शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ ही संख्या जगाला दाखवली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि पुढे तिथेच राहते. हे प्रत्येक संख्येला लागू पडतं का, ते तपासायचं आहे. सरळ मार्ग म्हणजे ० ते ९ च्या चार याद्या, १०,००० जुळण्या. पण पहिल्याच पायरीला आपण अंक क्रमानं लावणार, म्हणजे मूळ क्रमाला अर्थ उरत नाही; चढत्या क्रमाच्या ७१५ जुळण्या पुरतात, त्यातल्या सारख्या अंकांच्या १० वगळायच्या. आता वजाबाकीकडे नीट बघा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक ‘क’, मधल्या दोन अंकांतला फरक ‘ख’ मानला, तर वजाबाकी नेहमी ९९९ गुणिले क अधिक ९० गुणिले ख एवढी येते. ७६४१ साठी क ६ आणि ख २: ५,९९४ अधिक १८०, बरोबर ६१७४. मूळ अंक काहीही असोत, फक्त हे दोन फरक महत्त्वाचे; आणि ख हा क पेक्षा मोठा असू शकत नाही. अशा जोड्या ५४ च. त्या ५४ उत्तरांचे अंक पुन्हा क्रमानं लावले तर वेगळे संच उरतात ३०. दहा हजार, सातशे पाच, चोपन्न, तीस. शेवटच्या तीस जुळण्या वहीच्या एका पानावर मावतात, आणि संगणक बंद ठेवूनही तपासता येतात. कापरेकर असेच वहीवर काम करत.

पाचव्या घातांत इतकी मोठी सवलत मिळत नाही. तिथे दुसऱ्या युक्त्या लागतात, आणि त्यातली पहिली अगदी घरगुती आहे: तेच काम दोनदा करू नका. सर्वांत आतल्या फेरीत चारही घात काढत बसलात तर पावणेदोन कोटींहून जास्त वेळा चार-चार घात काढले जातील. वेगळे घात आहेत किती? १४४. ते एकदा काढून यादीत ठेवा. पहिल्या दोन घातांची बेरीज दुसऱ्या लूपमध्येच करून घ्या, तिसऱ्या-चौथ्यात ती फक्त वापरा. बेरजेचं पाचवं मूळ काढत बसू नका. १४४ घातांचा संच करून ‘यात आहे का’ एवढंच विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचं, आतल्या लूपमध्ये ‘क्ष’ येऊ देऊ नका. बहुपदी मांडून तिच्यात क्ष च्या जागी आकडा घालणं ही या सॉफ्टवेअरांची खासियत आहे, पण एकदा करायला. कोटी वेळा केलं तर तेच सर्वांत महाग पडतं. क्ष चा सगळा विचार लूपच्या बाहेर उरकावा आणि आत नुसते आकडे न्यावेत.

सेजमध्ये मात्र आकडे आत नेतानाही जरा जपून. ‘रेंज’मधून येणारे आकडे पायथॉनचे असतात, ‘एसरेंज’मधून येणारे सेजचे. रेंजमधले १ आणि ३ घेऊन भागाकार केला तर दशांश अपूर्णांक मिळतो, तोही जवळपासचा. एसरेंजमधले घेतले तर नेमका एक तृतीयांश. वेगासाठी रेंज, अचूक भागाकारासाठी एसरेंज. हे माहीत नसल्यामुळे एकदा माझा समीकरण सुटण्याचा शोध दोन दिवस ‘उत्तर नाही’ असं सांगत राहिला.

दुसरी युक्ती म्हणजे फांदी लवकर तोडणं. कोणत्याही संख्येच्या पाचव्या घाताला ११ नं भागलं तर बाकी ०, १ किंवा १० येते. १० म्हणजे उणे १ समजा. आता पहिल्या तिन्ही घातांची बाकी १ आली, तर तिघांची बेरीज ३. चौथा काहीही घेतला तरी २, ३ किंवा ४ होईल, आणि पाचव्या घाताला यातली कोणतीच बाकी चालत नाही. म्हणजे चौथ्या यादीत शिरायचंच नाही. ही चाचणी चौथ्या लूपच्या आत नव्हे, तिसऱ्याच्या शेवटी लिहायची. जी अट जितक्या बाहेर तपासता येते तितक्या बाहेर तपासायची. दार उघडण्याआधी खिडकीतून बघून घ्यावं तसं. या चाचणीनं सुमारे पाचपैकी एक फांदी जाते. ठीक आहे, पण डोळे दिपावेत असं काही नाही.

खरी उडी तिसऱ्या युक्तीत आहे. समीकरणाचे दोन वाटे करा. दोन घात डावीकडे ठेवा. उरलेले दोन उजवीकडे न्या, म्हणजे बेरजेच्या घातातून ते वजा होतील. डाव्या बाजूच्या जोड्या १०,४४०. त्या सगळ्यांच्या बेरजा एका कोशात नोंदवून ठेवा, शब्दकोशासारखा, बेरीज शोधली की जोडी मिळेल असा. आता उजवीकडे चला: बेरजेची संख्या आणि तिच्याहून लहान दोन संख्या. या तिकड्या ४,९७,६४०. प्रत्येकीची वजाबाकी करा आणि कोशात आहे का बघा. पाच लाखांच्या आसपास फेऱ्या, संपलं. गंमत म्हणजे आधी याद्या चार होत्या, आता बेरजेची संख्या धरून पाच झाल्या, तरी काम पावणेदोन कोटींवरून पाच लाखांवर आलं. किंमत एवढीच, की १०,४४० नोंदींचा कोश मेमरीत ठेवावा लागला. सुरुवातीला मी ढिगाला नावं ठेवली. हा ढीग मात्र जवळ बाळगण्यासारखा आहे. हे चालवून पाहाल तेव्हा एकच उत्तर सहा वेळा येईल. घाबरू नका. चारांपैकी कोणते दोन डावीकडे ठेवायचे हे सहा प्रकारे निवडता येतं, म्हणून.

एकेक जुळणी देणाऱ्या आदेशांची एक खोड सांगितली पाहिजे, कारण ती चूक दाखवत नाही, गप्प बसते. ते एकदाच वाहतात. आतल्या लूपला असा वाहता प्रवाह दिला, तर बाहेरच्या लूपच्या पहिल्या आकड्याला तो सगळा वाहून संपतो. दुसऱ्या आकड्याच्या वेळी आतला लूप रिकामा, काहीही न करता पुढे जातो. कार्यक्रम झटकन संपतो, कुठे लाल अक्षर नाही, आणि आपल्याला वाटतं किती वेगवान लिहिला! फेऱ्या मोजणारा एक आकडा सोबत ठेवावा आणि तो अपेक्षेएवढा येतो का ते बघावं. १,८६,७१,९४० यायला हवे होते आणि १४४ च्या घरात आले, तर हेच झालं आहे. पायथॉनचा ‘प्रॉडक्ट’ हा आदेश ही खोड टाळण्यासाठी सगळ्या याद्या आधी स्वतःजवळ उतरवून घेतो. म्हणूनच त्याला न संपणारी यादी देता येत नाही. तो ती उतरवतच राहतो. न संपणाऱ्या याद्यांची जुळणी हवी असेल तर कुलपासारखं फिरवून उपयोग नाही, कारण शेवटची चकती कधी पूर्ण फिरतच नाही. तिथे तिरकं चालावं लागतं: आधी ज्यांच्या क्रमांकांची बेरीज २ त्या जोड्या, मग ३, मग ४.

पाच लाख फेऱ्यांचा तो शोध आता माझ्याकडे चहा उकळायच्या आत संपतो. पण त्यावरून फुशारून मर्यादा १४४ वरून लाखावर नेऊन बघू नये. चारही संख्या धन असलेलं आणि पहिल्याची पट नसलेलं पुढचं उत्तर जिम फ्राय यांना २००४ साली सापडलं: ५५, ३,१८३, २८,९६९ आणि ८५,२८२ यांच्या पाचव्या घातांची बेरीज ८५,३५९ चा पाचवा घात. तिथवर चार याद्यांचं कुलूप फिरवत जायचं म्हटलं, तर सेकंदाला शंभर कोटी जुळण्या तपासूनही सोळाशेहून जास्त वर्षं लागतील.